आजी गाळायची ती ओळ : ख्रिस्ती श्रद्धेतली पापक्षमा

आमच्या घरी रात्रीची जेवणं आटोपली की प्रार्थना व्हायची. आजी चटईवर बसायची, आम्ही पोरं तिच्याभोवती, आणि शेवटी सगळे मिळून येशूनं शिकवलेली प्रभूची प्रार्थना म्हणायचो. मी आठ-नऊ वर्षांचा असेन. एकदा लक्षात आलं की आजी मधली एक ओळ म्हणतच नाही. 'जसे आम्ही आपल्या ऋण्यांस ऋण सोडले आहे, तशी तू आमची ऋणे आम्हांस सोड.' तेवढ्या ओळीला तिचे ओठ मिटलेले असायचे, पुढच्या ओळीला ती परत आमच्यात यायची. धाकट्या दिरानं बांध कोरून नांगराची चार तासं जमीन आपल्याकडं ओढली होती, आणि तेव्हापासून आजीचं जावेशी बोलणं बंद होतं. मी विचारलं तेव्हा म्हणाली, "देवापुढं खोटं कसं बोलू रे? सोडलं नाही मी अजून."

पापक्षमेवर पुढं बरंच वाचलं, ऐकलं. पण विषय समजावून सांगायची वेळ आली की मी त्या ओळीपाशीच येतो. कारण ख्रिस्ती नसलेले मित्र साधारण दोन गोष्टी बोलतात. एक, "तुमचं बरं असतं, फादरला जाऊन सांगितलं की पाप माफ." दुसरी जास्त खोल असते, "केलेलं भोगूनच संपतं. मग देव मध्येच ते पुसतो कसं? हा अन्याय नाही का?" पहिल्या बोलण्यात गैरसमज आहे. दुसरा प्रश्न मात्र खरा आहे, आणि ख्रिस्ती धर्मानं त्याला कधी बगल दिलेली नाही. उलट सगळी श्रद्धा त्या प्रश्नाभोवतीच उभी आहे.

सुरुवात 'ऋण' या शब्दापासून करू. येशू अरामी भाषा बोलत असे. अरामी भाषेत 'होबा' या एकाच शब्दाचा अर्थ कर्जही होतो आणि पापही. म्हणून ग्रीक शुभवर्तमानांत, म्हणजे येशूचं चरित्र सांगणाऱ्या बायबलातल्या पुस्तकांत, ही प्रार्थना आली तेव्हा मत्तयानं 'ऋणं' लिहिलं, तर लूकनं 'पापं'. दोघांनी चूक केली नाही. मूळ शब्दातच दोन्ही होतं. पाप म्हणजे नुसता नियमभंग नव्हे. देवाला आणि माणसांना जे देणं लागत होतो ते दिलं नाही, उलट घेतलं, असा हा हिशेब आहे.

आणि क्षमेसाठी नव्या करारात, म्हणजे बायबलच्या येशूपासूनच्या भागात, जो ग्रीक शब्द येतो, 'आफेसिस', त्याचा अर्थ आहे सोडणं, मोकळं करणं. नासरेथच्या सभास्थानात येशूनं यशया संदेष्ट्याचा उतारा वाचला, त्यात बंदिवानांच्या सुटकेसाठी हाच शब्द आहे. यामागं जुन्या करारातली, म्हणजे बायबलच्या येशूआधीच्या भागातली, व्यवस्था होती. दर सातव्या वर्षी इस्राएलातल्या भाऊबंदांची कर्जं सोडायची. पन्नासाव्या वर्षी, म्हणजे योबेल वर्षी, गहाण पडलेली वतनाची जमीन मूळ घराण्याला परत आणि कर्जापायी गुलाम झालेले मोकळे. त्यामुळं देवानं क्षमा केली याचा अर्थ देवाचा राग शांत झाला एवढाच नसतो. कुणीतरी बांधलेला होता, तो सुटला.

येशूनं हे एका दाखल्यात सांगितलं आहे. त्याचा शिष्य पेत्र यानं विचारलं, भावानं माझा अपराध केला तर किती वेळा क्षमा करू, सात वेळा? येशू म्हणाला, सत्तर वेळा सात. आणि मग एका राजाची गोष्ट सांगितली. एका चाकराकडं राजाचं दहा हजार तालांतांचं देणं होतं. आज वाचताना आपण या आकड्यावरून सरळ पुढं जातो, कारण तालांत म्हणजे काय ते ठाऊक नसतं. एक तालांत म्हणजे सुमारे ६,००० दीनार, आणि एक दीनार म्हणजे मजुराची एका दिवसाची मजुरी. म्हणजे देणं झालं ६ कोटी दिवसांच्या मजुरीचं. वर्षाचे ३०० दिवस काम धरलं तर २ लाख वर्षं. समजा शेतमजुरी रोजाला ५०० रुपये धरली, तर ही रक्कम ३,००० कोटी रुपयांवर जाते. त्या काळच्या मापानं बघायचं तर गालील आणि पेरिया या प्रांतांतून तिथला शासक हेरोद अंतिपा याला वर्षाला २०० तालांत महसूल मिळे, असं पहिल्या शतकातला यहुदी इतिहासकार जोसेफस नोंदवतो. म्हणजे एका चाकराच्या डोक्यावर अख्ख्या गालील-पेरियाचा पन्नास वर्षांचा महसूल! ऐकणारे गालीलचेच होते. त्यांना हा आकडा ऐकून काय वाटलं असेल?

तो चाकर राजाच्या पाया पडतो आणि म्हणतो, मला सांभाळून घ्या, मी सगळं फेडतो. तो माफी मागत नाही, मुदत मागतो. दोन लाख वर्षांचं देणं फेडायला मुदत. राजा मुदत देत नाही, कर्जच सोडतो. ख्रिस्ती समजुतीत देवाची क्षमा ही अशी आहे. आपण देवाकडं हप्ते बांधून मागत असतो: इतके उपास करीन, इतकं दान देईन, यापुढं नीट वागेन. आणि देव म्हणतो, तुझ्याच्यानं हे फिटणार नाही. मीच सोडतो.

गोष्ट तिथं थांबत नाही. तोच चाकर बाहेर पडतो, आणि शंभर दीनार देणं असलेल्या सोबत्याचा गळा धरतो. आपल्या हिशेबानं पन्नास हजार रुपये. हीसुद्धा काही अगदी किरकोळ रक्कम नव्हे, चार महिन्यांची कमाई आहे. दुसऱ्यानं आपलं केलेलं नुकसान खोटं असतं असं येशू म्हणत नाही. पण तो चाकर सोबत्याला तुरुंगात घालतो, हे कळल्यावर राजा आपली माफी मागं घेतो. या शेवटानं मला लहानपणी भीती वाटायची. आता वाटतं, त्या माणसानं सूट घेतली, पण वहीखातं धरून जगण्याचा रिवाज काही सोडला नाही.

आता त्या दुसऱ्या, अवघड प्रश्नाकडं येऊ. कर्ज सोडलं म्हणजे ते गेलं कुठं? गावच्या दुकानदारानं एखाद्याची उधारी सोडली, वहीतलं नाव खोडलं, तरी ज्वारीचं पोतं काही परत येत नाही. पोत्याचे पैसे कुणाच्या तरी अंगावर पडलेच. ते दुकानदाराच्या अंगावर पडले. सोडणं म्हणजे नुकसान नाहीसं करणं नव्हे, ते आपल्याकडं घेणं. हिब्रू भाषेत क्षमा करण्यासाठी एक क्रियापद आहे, 'नासा'. त्याचा साधा अर्थ आहे उचलणं, वाहून नेणं. यहुद्यांच्या प्रायश्चित्ताच्या दिवशी दोन बकरे आणले जात. एकाचा वध होई. दुसऱ्याच्या डोक्यावर प्रमुख याजक हात ठेवून सगळ्या लोकांची पापं कबूल करी, आणि तो बकरा ती पापं वाहून रानात नेई. बाप्तिस्मा करणारा योहान येशूला पाहून म्हणतो, हा पाहा, जगाचं पाप हरण करणारा देवाचा कोकरा. ते 'हरण करणारा' म्हणजे उचलून नेणारा.

इथं आपल्या मराठीत एक मोठी गंमतीची नव्हे, मोठ्या अर्थाची गोष्ट घडली आहे. मराठीत प्रायश्चित्त कोण घेतं? ज्यानं चूक केली तो. 'प्रायश्चित्त घेणं', 'प्रायश्चित्त भोगणं' हे आपले रोजचे प्रयोग. मराठी बायबलात योहानाच्या पहिल्या पत्रात मात्र ख्रिस्ताविषयी लिहिलं आहे की, आपल्या पापांबद्दल तो स्वतःच प्रायश्चित्त आहे. शब्द तोच, पण कर्ता बदलला. ज्याचा अपराध केला, तोच अपराध्याचं प्रायश्चित्त झाला. ख्रिस्ती श्रद्धेचा गाभा मराठी माणसाला एका वाक्यात सांगायचा तर मी हेच वाक्य सांगेन. 'करावं तसं भरावं' हा नियम ख्रिस्ती धर्म नाकारत नाही. तो म्हणतो, भरावं लागतंच, पण भरणारा दुसरा आहे.

क्रूसावरच्या मरणानं हे नेमकं कसं घडतं, यावर दोन हजार वर्षं विचार चालू आहे आणि सगळ्या चर्चेसना मान्य असा एकच सिद्धांत ठरलेला नाही. सुरुवातीच्या शतकांत पुष्कळांनी 'खंडणी'ची भाषा वापरली: माणूस सैतानाच्या कैदेत होता, ख्रिस्तानं स्वतःचा जीव देऊन त्याला सोडवलं. अकराव्या शतकाच्या शेवटी कँटरबरीचा आर्चबिशप अन्सेल्म यानं दुसरी मांडणी केली. त्याच्या काळातल्या सरंजामी समाजात मानाला फार मोल होतं. अन्सेल्म म्हणाला, पापानं देवाचा मान हिरावला गेला, त्याची भरपाई माणसानंच करायला हवी, पण तेवढी ऐपत फक्त देवाची. म्हणून देव माणूस झाला. त्याच्या पाठोपाठ पीटर अबेलार्डनं वेगळ्या गोष्टीवर भर दिला: क्रूसावरचं प्रेम पाहून माणसाचं मन पालटतं. सोळाव्या शतकातल्या सुधारकांनी न्यायालयाची भाषा पुढं आणली, की आपल्याला होणारी शिक्षा त्यानं घेतली.

या सगळ्यांत एक धोका असतो. हे अर्धवट सांगितलं तर चित्र असं उभं राहतं की वर एक संतापलेला बाप आहे, त्याला रक्त हवं आहे, आणि निष्पाप मुलगा मध्ये पडून मार खातो. हे चित्र चुकीचं आहे असं मी ठामपणे म्हणेन. प्रेषित पौल करिंथ शहरातल्या मंडळीला लिहितो की देव स्वतः ख्रिस्तामध्ये जगाचा स्वतःशी समेट करत होता. पिता आणि पुत्र हे समोरासमोर उभे असलेले दोन पक्ष नाहीत. दुकानदारानं पोत्याचे पैसे स्वतःच्याच खिशातून भरले, शेजाऱ्याला दमदाटी करून नव्हे.

मग माणसानं करायचं काय? नव्या करारातला शब्द आहे 'मेतानोइया', मन पालटणं. मराठीत त्याला पश्चात्ताप म्हणतो. पण पश्चात्तापानं क्षमा विकत मिळते असं नाही. उधळ्या पुत्राच्या दाखल्यात धाकटा मुलगा बापाची वाटणी उडवून, डुकरं राखून, उपाशीपोटी घरी परततो. वाटेत तो बोलायचं भाषण पाठ करतो: बापा, मी पाप केलं, तुमचा मुलगा म्हणवायला मी लायक नाही, मला आपल्या एका मजुरासारखं ठेवा. बाप त्याला दुरून बघतो आणि धावत सुटतो. मुलगा भाषण सुरू करतो, पण मजुराचं वाक्य त्याच्या तोंडून निघतच नाही. त्याच्या आत बापानं झगा, अंगठी, जोडे मागवलेले असतात. मजुरी करून फेडण्याची सोयच त्याला ठेवलेली नाही.

आणि तरीही ही क्षमा फुकटात वाया घालवायची गोष्ट नाही. जकातदार जक्कयाच्या घरी येशू आपणहून उतरायला जातो, लोक कुरकुरतात, आणि जक्कय उठून म्हणतो, अर्धी मालमत्ता गरिबांना देतो, ज्याला लुबाडलं त्याला चौपट परत करतो. क्षमेचा दर म्हणून त्यानं चौपट दिलं नाही. येशू आधी घरात आला, चौपट नंतर आलं. पण आलं. जर्मन पाळक डीट्रिख बोनहोफर यानं १९३७ साली 'स्वस्त कृपा' असा शब्द वापरला होता. पश्चात्तापाविना क्षमेचं वाटप करत सुटलेल्या चर्चला तो हे सुनावत होता. पुढं १९४५ साली नाझींनी त्याला फाशी दिलं.

आता 'फादरला सांगितलं की माफ' याकडं. सुरुवातीच्या शतकांत चर्च उलट फार कडक होतं. बाप्तिस्म्यानं सगळी पापं धुतली जातात, पण त्यानंतर खून, व्यभिचार, धर्मत्याग यांसारखं मोठं पाप झालं तर? त्या काळचा ख्रिस्ती लेखक तर्तुल्यन यानं पश्चात्तापाला गलबत फुटल्यावर हाती लागलेली फळी म्हटलं आहे. ती फळी साधारणपणे आयुष्यात एकदाच मिळे, तीही सगळ्या मंडळीसमोर आणि बराच काळ प्रायश्चित्त करून. म्हणून कित्येक जण बाप्तिस्माच लांबवत. सम्राट कॉन्स्टंटाइननं तो ३३७ साली मरणाच्या दारात घेतला. त्याआधी २५० साली सम्राट डेसियसनं रोमन देवांना बळी अर्पण करण्याची सक्ती केली, तेव्हा जीव वाचवायला हजारोंनी श्रद्धा सोडली. छळ ओसरल्यावर ते परत आले. रोममधला धर्मगुरू नोवेशियन म्हणाला, यांना चर्चमध्ये जागा नाही. कार्थेजचा बिशप सिप्रियन आणि रोमचा बिशप कॉर्नेलियस म्हणाले, प्रायश्चित्तानंतर घ्यायला हवं. चर्चनं दुसरी बाजू उचलून धरली. येशूला तीनदा नाकारणारा पेत्रच ज्या मंडळीचा आधार, तिला वेगळं काही करता आलं असतं असं मला वाटत नाही.

खाजगीत, पुन्हा पुन्हा पापकबुली द्यायची पद्धत आयर्लंडच्या मठवासीयांकडून युरोपभर पसरली. १२१५ साली रोममधल्या लॅटरन इथं भरलेल्या चर्चच्या चौथ्या परिषदेनं वर्षातून किमान एकदा ती सक्तीची केली. आज कॅथलिक माणूस कबुलीला जातो (गोव्यात तिला कुमसार म्हणतात) तेव्हा तीन गोष्टी त्याच्याकडून अपेक्षित असतात: मनापासून खंत, पाप बोलून दाखवणं, आणि झालेलं नुकसान भरून काढायचा प्रयत्न. धर्मगुरू पापमुक्तीचे शब्द उच्चारतो, पण क्षमा त्याच्या पदरची नसते. उठलेल्या येशूनं शिष्यांना 'ज्या कोणाच्या पापांची तुम्ही क्षमा करता' असं म्हटलं, त्या अधिकारानं तो बोलतो. खंत नसेल, ते पाप सोडायचा इरादाच नसेल, तर नुसत्या सांगण्यानं काही होत नाही. आणि तिथं ऐकलेलं धर्मगुरूला कधीही, कुणालाही सांगता येत नाही. ते फोडणाऱ्याला आपोआप बहिष्काराची शिक्षा होते.

१५१७ साली जर्मन धर्मगुरू मार्टिन ल्यूथर ज्याविरुद्ध उठला ती वेगळी गोष्ट होती. कॅथलिक शिकवणीत पापाची क्षमा झाली तरी त्यानं मागं ठेवलेली काही शिक्षा, शुद्धी उरते. ती कमी करणाऱ्या सवलतीच्या चिठ्ठ्या त्या काळी पैसे घेऊन वाटल्या जात होत्या, आणि तो पैसा रोममधल्या सेंट पीटर्स चर्चच्या बांधकामालाही जात होता. ल्यूथरच्या ९५ प्रबंधांतला पहिलाच म्हणतो की, ख्रिस्तानं पश्चात्ताप करा म्हटलं तेव्हा विश्वासणाऱ्याचं अख्खं आयुष्यच पश्चात्तापाचं असावं अशी त्याची इच्छा होती. पैशांचा तो व्यवहार पुढं कॅथलिक चर्चनंही बंद केला. ल्यूथरसारख्या सुधारकांपासून निघालेल्या बहुतेक प्रोटेस्टंट चर्चमध्ये आज कबुली थेट देवापुढं असते. प्रभुभोजनाआधी सगळी मंडळी मिळून पापं कबूल करते आणि पाळक क्षमेचं वचन ऐकवतो. पूर्वेकडच्या ऑर्थोडॉक्स परंपरेत धर्मगुरू न्यायाधीशासारखा समोर बसत नाही, ख्रिस्ताच्या चित्रापुढं पश्चात्तापी माणसाच्या शेजारी साक्षीदार म्हणून उभा राहतो. तिथं पापाकडं आजार म्हणून बघतात. मला ही शेजारी उभं राहण्याची रीत फार आवडते.

कधीच क्षमा न होणारं पाप आहे का, असं पुष्कळ जण काळजीनं विचारतात, कारण मार्काच्या शुभवर्तमानात पवित्र आत्म्याच्या निंदेबद्दल तसं म्हटलं आहे. तिथला संदर्भ बघावा. येशू लोकांना बरं करतोय हे डोळ्यांनी दिसत असताना यहुदी शास्त्री त्याला सैतानाचं काम म्हणत होते. औषधालाच विष म्हणून झिडकारणाऱ्याला औषध कसं देणार, असा त्याचा अर्थ बहुतेक भाष्यकार लावतात. ज्याला 'माझ्याकडून ते पाप झालं का' अशी धास्ती आहे, त्यानं औषध झिडकारलेलं नाही.

एक गोष्ट मात्र मला स्पष्ट बोलली पाहिजे. देवानं क्षमा केली म्हणजे ज्याचं नुकसान केलं त्याच्याशी काही देणंघेणं उरलं नाही, असं नाही. यहुदी परंपरा सांगते की माणसामाणसांतल्या अपराधांचं प्रायश्चित्त, समोरच्याची समजूत काढल्याशिवाय, प्रायश्चित्ताच्या दिवसानंही होत नाही. येशूही म्हणतो, वेदीपाशी अर्पण आणलंस आणि भावाच्या मनात तुझ्याविरुद्ध काही आहे असं आठवलं, तर अर्पण तिथंच ठेव, आधी जा, समेट कर. तरीही मार खाणाऱ्या बायकोला, अत्याचार झालेल्या लेकराला 'तू ख्रिस्ती ना, मग क्षमा कर' असं सांगून गप्प बसवल्याची उदाहरणं चर्चमध्ये घडली आहेत. हे पाप आहे. क्षमा सोडणाऱ्याच्या हातची असते, ती दुसऱ्यानं त्याच्याकडून वसूल करायची नसते. क्षमा केली म्हणून पोलिसांत तक्रार करू नये, परत त्याच घरात राहावं, असंही कुठं लिहिलेलं नाही.

मध्य प्रदेशात इंदूरजवळ सिस्टर राणी मारिया या केरळच्या कॅथलिक संन्यासिनी आदिवासींना सावकारांच्या कर्जातून सोडवण्याचं काम करत होत्या. २५ फेब्रुवारी १९९५ ला भर बसमध्ये त्यांना भोसकून मारलं. मारेकऱ्याला जन्मठेप झाली. २००२ साली राणी मारियांची धाकटी बहीण, सिस्टर सेल्मी पॉल, तुरुंगात गेली आणि तिनं त्या माणसाच्या हाताला राखी बांधली. शिक्षा चालूच राहिली. तो २००६ साली सुटला, त्या सुटकेसाठी राणी मारियांच्या घरच्यांनी आणि चर्चनंही शब्द टाकला होता. २०१७ साली इंदूरमध्ये राणी मारियांना चर्चनं धन्य (संतपदाच्या आधीची पायरी) घोषित केलं, तेव्हा त्या सोहळ्याला तोही हजर होता.

आमच्या आजीची गोष्ट एवढी मोठी नाही. जाऊ आजारी पडली त्या पावसाळ्यात आजीनं माझ्या हाती भाकरी-कालवण देऊन मला पलीकडं पाठवलं, एकदा, मग रोज. कधीतरी एका रात्री प्रार्थनेत मला तिचा आवाज त्या ओळीलाही ऐकू आला, हळू, आमच्यापेक्षा एक शब्द मागं. बांधाची मोजणी तिनं कधीच मागवली नाही. ती चार तासं आजही पलीकडच्याच रानात आहेत.